बाटलीतला श्वास

हवा गोळा करणं हा आपला व्यवसाय आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग पगार विचारतात, आणि तो ऐकला की पुन्हा हसतात. सासऱ्यांच्या जागी टेकडीवरच्या हवा-केंद्रात काम करणाऱ्या सुनेला याची चांगलीच सवय झाली होती. गावात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. बाजारात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी ती सगळ्यांची 'हवावाली' होती. "काय हवावाली, आज माल ताजा आहे का?" असं भाजीवाला विचारायचा, आणि तीही "कालचा शिळा आहे, अर्ध्या भावात देते," म्हणून पिशवी पुढे करायची.

काम दिसायला पोरखेळ. आठवड्यातून एकदा, वारा समुद्राकडून येत असेल तेव्हा, जाड काचेच्या दोन बाटल्या घेऊन टेकडीच्या टोकाला जायचं. बाटल्यांमधली हवा प्रयोगशाळेत आधीच ओढून घेतलेली असते, त्यामुळे तोटी उघडली की बाहेरची हवा सूं करत आत शिरते. झालं. एवढ्यासाठी सरकार माणूस ठेवतं, असं कोणालाही वाटेल. पण त्यात एक मेख होती, आणि ती हे काम करणाऱ्या मंडळींशिवाय जगात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. तोटी उघडण्याआधी बाजूला होऊन छातीभर श्वास घ्यायचा आणि तो धरून ठेवायचा. धरलेल्या श्वासानिशी वाऱ्याच्या तोंडावर चालत जायचं, हात लांब करून तोटी उघडायची, बाटली भरू द्यायची, तोटी घट्ट बंद करायची, आणि चांगलं लांब परत आल्यावरच श्वास सोडायचा. कारण माणूस जो श्वास बाहेर टाकतो त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ शंभर पट असतो. बाटलीच्या तोंडाशी एक सुस्कारा टाकला की समुद्रावरून आलेली सगळी स्वच्छ हवा गेली कामातून. मग ती पृथ्वीची हवा राहत नाही, तुमची होते.

हे तिला शिकवलं सासऱ्यांनी. त्यांनी उभी हयात त्या टेकडीवर काढली होती, आणि निवृत्त होताना ती जागा सुनेला मिळाली तेव्हा त्यांनी तिला महिनाभर स्वयंपाकघरात कवायत करायला लावली होती. हातात मिठाची बरणी, छातीत श्वास, आणि ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या. ती मध्येच खुदकन हसली की म्हणायचे, "गेली बाटली. फेकून दे. पुन्हा." नवरा दारात उभा राहून पोट धरून हसायचा. तो बेकरीत भट्टीवर होता. आपल्या घरात बायकोला श्वास घ्यायची चोरी आहे असं तो मित्रांना सांगत फिरायचा.

बाटल्या शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायला एक गाडी यायची. तिचा ड्रायव्हर नवऱ्याचा लहानपणचा दोस्त. त्याचा आवाज असा होता की तो कानात बोलला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. तीच काय ती त्याला भाऊजी म्हणायची. टेकडीच्या शेवटच्या चढाआधी रस्त्यावर एक साखळी होती. धूर वर जाऊ नये म्हणून गाडीनं तिथेच थांबायचं, इंजिन बंद करायचं, पुढे पायी. भोंगा हा नियम पाळायचा, पण त्याबद्दल कुरकुरल्याशिवाय नाही.

"वहिनी, रागावू नका," एकदा तो केंद्राच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाला, "पण मला हे पटतच नाही. दहा हजार कणांत म्हणे हा वायू चार कण. चार दाण्यांनी कोंबडीचं पोट भरत नाही, आणि तुम्ही म्हणता त्यानं अख्खी पृथ्वी तापते."

"मी म्हणत नाही. इकडे या आणि स्वतः बघा."

खोलीत एक यंत्र होतं. लांब नळी, एका टोकाला छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला काटा. दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसायचा नाही, कारण तो उष्णतेचा होता, तापलेली भिंत अंधारातही गालाला जाणवते तसला. नळीतून किती उष्णता पार झाली ते काटा सांगायचा. तिनं नळीची एक टोपी काढली आणि भोंग्याला आत फुंकायला सांगितलं. त्यानं गाल फुगवून फुंकर मारली. काटा धपकन खाली आला.

"मोडलं का काय?" भोंगा घाबरून मागे सरला.

"काही मोडलं नाही. तुमच्या श्वासातल्या वायूनं ती उष्णता वाटेत पकडली. मघाशी नळीत साधी हवा होती, तेव्हा जवळजवळ सगळी पार होत होती. हवेत बाकी जे नायट्रोजन-ऑक्सिजन भरलंय ना, ते उष्णतेला अडवतच नाही. पाण्याची वाफ अडवते, आणि हे चार कण अडवतात. म्हणून चार असले तरी मोजायचे."

"आणि त्याचा पृथ्वीशी काय संबंध?"

"जमीन दिवसभर ऊन खाते. खाल्लेलं ऊन ती याच न दिसणाऱ्या उजेडाच्या रूपानं आकाशाकडे परत पाठवत असते, दिवसा आणि रात्रीही. वाटेत हा वायू ते पकडतो. पकडून ठेवत नाही, सोडून देतो, पण सोडताना दिशा बघत नाही. काही वर जातं, काही परत खाली येतं. खाली आलेलं जमिनीला पुन्हा तापवतं."

"म्हणजे हा वायूच हरामखोर."

"अहो, तो अजिबात नसता तर समुद्रसुद्धा गोठून बसला असता. अंगावर पांघरूण हवंच. पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, आणि आहे त्या पांघरुणावर दुसरं टाकतो, त्यावर तिसरं. आणि एकदा वर गेलेला वायू शेकडो वर्षं सगळाच्या सगळा खाली येत नाही. उकडायला लागलं म्हणून पांघरूण पायानं झटकता येत नाही."

भोंग्यानं चहाचा कप तसाच ठेवला. "पुन्हा फुंकू का?" एवढंच विचारलं, आणि पुन्हा फुंकून काटा पडताना बघत राहिला. त्या दिवसापासून साखळीच्या बऱ्याच अलीकडे तो इंजिन बंद करायला लागला. कुरकुर पार थांबली. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "चला, एक तरी शिष्य मिळाला." ते वाक्य त्यांनी दोन तुकड्यांत म्हटलं, मध्ये थांबून. अलीकडे त्यांची सगळीच वाक्यं तशी यायला लागली होती. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा संपायचं नाव घेत नव्हता. पंखे गरम हवा ढवळत होते, आणि मुलगा फरशीवर उघडा पडून "आई, तळ्यावर जाऊ या ना," असा एकच धोशा लावून बसला होता. अशात बेकरीची भट्टी बिघडली आणि नवऱ्याला अचानक सुट्टी मिळाली. नेमका तो बाटल्यांचा दिवस. मागचे दोन आठवडे वारा जमिनीकडून वाहत होता म्हणून बाटल्या रिकाम्याच राहिल्या होत्या, आणि आज सकाळी तो फिरून समुद्राकडून यायला लागला होता. आजचा दिवस सोडणं म्हणजे तिसरा आठवडाही कोरा.

"मी जातो," सासरे म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. भोंगा आहे की गाडी घेऊन."

"बाबा, तुम्हाला चढ…"

"हात विसरलाय का माझा? तुला कोणी शिकवलं?"

ते बूट घालायला बसले. एक बूट घातला, आणि दुसऱ्याआधी गुडघ्यांवर हात ठेवून थांबले. ती दारातून बघत होती. ओठ किंचित उघडे, खांदे वरखाली. बुटाची नाडी बांधायला ज्याचा श्वास पुरत नाही तो वाऱ्यात उभा राहून श्वास धरणार होता. हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. पुढे तिनं स्वतःला कितीही समजावलं तरी ते दिसलं नव्हतं असं तिला कधी म्हणता आलं नाही.

"बाबा, श्वासाचं जमेल ना?"

"काय झालंय माझ्या श्वासाला?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि टॉवेल पिशवीत भरायला वळली.

तळं थंडगार होतं. ती पाठीवर पडून तरंगत राहिली, कानांत पाणी, डोळ्यांवर ऊन, आणि मुलगा आनंदानं किंचाळतोय तो लांबून ऐकू येत होता. दिवसभरात तिला बाटल्यांची एकदाही आठवण झाली नाही. पुढे सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

संध्याकाळी घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत होते. चेहरा राखेसारखा, पण डोळे चमकत होते. बाटल्या भरून भोंग्याबरोबर गेल्या होत्या.

"धरला होता ना?" तिनं केस पुसत सहज विचारलं.

"कोणाला विचारतेस," ते म्हणाले.

काही दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. तिथल्या मोठ्या बाई स्वतः बोलत होत्या. त्या शिकाऊ असताना याच टेकडीवर सासऱ्यांच्या हाताखाली श्वास धरायला शिकल्या होत्या, त्यामुळे या केंद्रावर त्यांचा भारी जीव.

"अगं, या खेपेच्या बाटल्यांना झालंय काय? दोन्हींत वायू जास्त, आणि दोन्ही एकमेकींशी जुळतही नाहीत. एका वाऱ्यात, एका जागी भरलेल्या बाटल्या अशा कशा असतील? तू नेहमीसारख्याच भरल्यास ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग गाडी? गाडी साखळीच्या पुढे आली होती का?"

तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर दोन बाटल्या फेकल्या गेल्या असत्या, तिला चार शब्द ऐकावे लागले असते, आणि विषय मिटला असता. पण ती कामावर नव्हती. काम सोडून पाण्यात तरंगत होती, आणि आजारी म्हाताऱ्याला टेकडीवर पाठवून दिलं होतं. हे शब्द तोंडातून निघेनात. बाईंनी मात्र दुसरे शब्द जिभेपर्यंत आयतेच आणून ठेवले होते.

"आली असेल," ती म्हणाली. "मी पाठमोरी होते."

फोन ठेवल्यावर तिनं ओटा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. आपण काही आरोप केलेला नाही, नुसती शक्यता बोलून दाखवली, असं ती मनाशी घोकत राहिली. असली घोकंपट्टी माणूस कधी करतो ते सांगायला नको.

पुढच्या खेपेला गाडी आली ती दुसऱ्याच माणसाची. भोंग्याला या मार्गावरून काढलं होतं, आणि पुढे ठेवायचं की नाही त्याची चौकशी चालू होती. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तिनं "रजेवर आहेत" असं सांगून टाकलं. एका खोट्याच्या सोबतीला दुसरं लागतंच. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "उन्हामुळे असेल." तीही म्हणाली, "उन्हामुळेच."

तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगा घरी आला. सासरे आतल्या खोलीत झोपले होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला, आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"वहिनी, माफ करा मला."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काकांनी सांगितलं ना तुम्हाला? मी त्यांना म्हटलं होतं, नका सांगू. पण बरं केलं त्यांनी." तो टोपी हातात फिरवत होता. "त्यांना चढवेना हो. साखळीपासून चालायला लागले आणि दोनदा खाली बसले. मला बघवेना. म्हटलं, काका, बसा गाडीत, वळणापर्यंत नेतो. नाही नाही म्हणत होते, मीच बळंच बसवलं. साखळी काढली आणि वर नेली गाडी. वळणाच्या आडोशाला लावली, धूर वाऱ्यानं उलट्या दिशेला जाईल अशी, इंजिनही लगेच बंद केलं. पण धूर तो धूरच."

ती खुर्चीवर बसली. जे तिनं स्वतःची मान सोडवायला रचलं होतं ते खरंच घडलं होतं.

"ऑफिसात मी कोणाचं नाव घेतलं नाही," तो सांगत होता. "काका गेले होते हेही नाही बोललो, तुम्ही नव्हतात हेही नाही. म्हटलं, माझी चूक आहे. वहिनी, मी नळीतला काटा बघितलाय. एका फुंकरीनं पडला होता. मग माझ्या गाडीच्या नळकांड्यानं काय केलं असेल? आजवर वाटायचं, धूर काय, उडून जातो. आता कळतंय कुठेच जात नाही. किती वर्षं मी तो सोडत फिरतोय! सकाळी गाडीला चावी लावताना तो काटाच दिसतो मला. परवा पोरगी म्हणाली, बाबा, किती उकडतंय. मला तोंड वर करवेना. तिच्या वाटणीचा थोडा उकाडा मीच तयार करून ठेवलाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि हवावालीला त्या वेळी काय वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. तिचा जीव भांड्यात पडला. गाडी आली होती! म्हणजे ती खोटं बोललीच नव्हती. बाबांनी श्वास धरला होता, धूर गाडीचा होता, सगळं जिथल्या तिथे बसत होतं. तिनं उठून चहा टाकला. कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "होतं असं कधी कधी, भाऊजी. मनाला लावून घेऊ नका."

तिनं त्याला माफ केलं. त्यानं कपाला दोन्ही हात लावून मान हलवली, आणि जाताना दारात वाकून तिच्या पाया पडायला गेला. तिनं घाईघाईनं त्याला उठवलं. त्या रात्री ती जेवली.

हे सुख चार दिवससुद्धा टिकलं नाही.

बाईंचा दुसरा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. टेबलाशी सासरे मटार सोलत होते. हात पिठाचे होते म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"बाकीच्या चाचण्या झाल्या," बाई म्हणाल्या. "गाडीचा धूर नाही तो. पेट्रोल जळलं की कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तो या बाटल्यांत जराही वाढलेला नाही. नुसता कार्बन डायऑक्साइड वाढलाय. हा माणसाचा श्वास आहे."

टेबलावर मटारची एक शेंग फुटायची राहिली. तिनं सासऱ्यांकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे न बघणं हेच तिला त्या वेळी सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उभी हयात त्या माणसानं टेकडीवरची एकही बाटली बिघडू दिली नव्हती.

"माझाच," ती म्हणाली. "माझा श्वास सुटला. तेव्हा सांगायला हवं होतं."

बाई बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू सांगितलं नाहीस. मी विचारलं तरी सांगितलं नाहीस. त्या ड्रायव्हरवर जाऊ दिलंस. मग मला सांग, यापूर्वी कितीदा सुटला असेल? थोडासाच सुटला असेल, मला कळलाही नसेल. तू आल्यापासूनच्या सगळ्या आकड्यांसमोर मला आता प्रश्नचिन्ह टाकावं लागेल. वायू किती वाढला, पृथ्वी किती तापेल, हे गणित जगभरची माणसं ज्या आकड्यांवर करतात त्यांत तुझे आकडे आहेत. मी कशाच्या जोरावर त्यांना सांगू की हे खरे आहेत?"

एका म्हाताऱ्या माणसाचा मान राखायला ती आपल्या कामाची सगळी वर्षं पाण्यात घालायला निघाली होती, आणि ती वर्षं तिच्या एकटीची नव्हती. थंडीत बोटं बधिर झालेली असताना, ताप अंगात असताना, पोटात मूल असताना तिनं श्वास धरला होता. एकदाही सोडला नव्हता. हे सांगायला तोंड उघडायचं तर पुढचं वाक्य टेबलाशी बसलेल्या माणसाबद्दल असणार होतं.

सासऱ्यांनी मटारचं पातेलं बाजूला सरकवलं आणि फोन जवळ ओढला.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

"काका? तुम्ही ऐकताय?"

"त्या दिवशी मी गेलो होतो. ती नाही." ते थांबले. "पहिली बाटली भरताना थोडा सुटला. वाटलं, वाऱ्यानं गेला असेल. दुसरीच्या वेळी…" पुन्हा थांबले. छाती भात्यासारखी चालली होती. "तोटी उघडी होती. खोकला आला. तोंडावरच. मला तेव्हाच कळलं होतं."

"काका, मग फेकून का नाही दिल्यात?"

"फेकल्या असत्या तर हिला कळलं असतं. मला पुन्हा कधी वर जाता आलं नसतं." त्यांनी टेबलाची कड धरली. "तिच्या बाटल्या सगळ्या खऱ्या आहेत. एकेक. मी शिकवलंय तिला. आणि त्या पोराला दोष नका देऊ. त्यानं गाडी वर आणली… माझ्यासाठी आणली. मला चालवत नव्हतं."

बाई म्हणाल्या की ड्रायव्हरचं त्या आजच बघतील, आणि त्या दोन बाटल्या बाद करतील, दोनच. सुनेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "नंतर बोलू," एवढंच म्हणाल्या, आणि ते कोणाला म्हणाल्या ते दोघांनाही कळलं.

फोन बंद झाला. खिडकीतून आलेली झळ ओट्यापर्यंत पोचली होती. सासऱ्यांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"भोंग्याला काढलं होतं?"

"हो."

"रजेवर आहे म्हणालीस."

"हो, बाबा."

"त्याला तू जाऊन सांग. फोनवर नको. त्याला वाटत असेल त्यानंच केलं."

"वाटतंय. रडले ते. मी त्यांना चहा दिला, आणि माफ केलं." तिनं पिठाचे हात एकमेकांवर झाडले. "जाते मी. आत्ता जाते."

ती हात धुवायला उठली. नळाखाली पीठ सुटून वाहून गेलं, तरी ती हात चोळत राहिली. मागून सासऱ्यांचा आवाज आला. मोठा नव्हता, आणि तुटत तुटत येत होता, पण त्यातला एकही शब्द निसटला नाही.

"माझं सोड. माझी हाव होती. आणखी एकदा तिथे उभं राहायचं होतं. पण तुला कळत होतं, पोरी. मी बूट घालत होतो, आणि तू दारातून बघत होतीस. मला नाही जमणार हे तुला दिसत होतं. तरी का पाठवलंस?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वारा दोन आठवड्यांनी फिरला होता. तिसरा आठवडा कोरा गेला असता. त्यांनीच हट्ट धरला होता, त्यांचं मन मोडवलं नसतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. तिनं नळ बंद केला.

"मला पोहायला जायचं होतं, बाबा."

तिला वाटलं आता ते उठून आत जातील. पण ते बसून राहिले. श्वास पुरेसा जमायला त्यांना वेळ लागला.

"पाणी थंड होतं का?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजात टोमणा नव्हता. इतकं उकडत होतं, आणि घरातलं कोणीतरी थंड पाण्यात जाऊन आलं होतं, म्हणून एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं होतं.

"होतं," ती म्हणाली, आणि वळून त्यांच्याकडे बघायचं काही तिला जमलं नाही.